पाळणाघरात पाळणा नाही

१

चौक-कर्जत रस्त्यावरच्या त्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनतात. मंगळवारी सकाळी तिथल्या पाळणाघराचं कुलूप विमलबाईंनी उघडलं, एचआर ऑफिसर सोनालीने आत पाऊल टाकलं आणि ती तिथेच थांबली. भिंतीवर रंगवलेला हत्ती जागेवर होता. जिराफ होता. गाद्या होत्या, खेळणी होती. मधोमध, जिथे काल संध्याकाळपर्यंत पाळणा झुलत होता, तिथे फरशीवर चार वाटोळे डाग होते.

बुधवारी सरकारी साहेब येणार होते. पूर्वी अशा साहेबांना लेबर इन्स्पेक्टर म्हणत. नव्या कामगार संहिता आल्या आणि ते ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’ झाले. म्हणजे तपासणारेही तेच आणि मदत करणारेही तेच. विंचवानेच डंख मारायचा आणि उताराही त्यानेच द्यायचा, अशी सोय. पन्नासाच्या वर माणसं कामाला असली की पाळणाघर हवं, हा नियम खरं तर बराच आधीचा. पण मालक हर्षदशेठना तो नव्या संहितांच्या धसक्याने आठवला होता.

त्यांनी कर्जतला नम्रता भोईरना फोन लावला.

“मॅडम, मर्डर झालाय.”

“कोणाचा?”

“माझा. पाळणा गेला.”

नम्रता भोईर यांचं ऑफिस कर्जतच्या बाजारात, औषधाच्या दुकानावर. आसपासच्या कारखानदारांना कामगार कायदा समजावून सांगणं हा त्यांचा धंदा. मांजराला उपास शिकवण्यासारखंच काम, फक्त मांजर वेळेवर फी देतं. त्यांनी स्कूटर काढली.

कारखान्यात पोचल्या तेव्हा शेठ पाळणाघराच्या दारात उभे होते. समोर विमलबाई. साठीला आलेली बाई, कोंडाण्याची. पाळणाघर उघडल्यापासून तिथे आया म्हणून होत्या. मुलं नसलेल्या पाळणाघराच्या आया.

“चावी कोणाकडे? हिच्याकडे,” शेठ म्हणाले. “कुलूप फोडलंय? नाही. मग चोर कोण? मी काय शिकलेला नाही असं नाही. उद्या साहेब येऊन गेले की हिला पोलिसांत देतो. त्याच्या आत पाळणा आला तर फक्त नोकरी जाईल.”

“दुसरा पाळणा आणा ना एक.”

“ऑनलाइन शुक्रवारी येतोय,” सोनाली म्हणाली. “कर्जतच्या फर्निचरवाल्याला पण विचारलं. तो म्हणतो, लग्नसराई आहे, आत्ता पलंग घेऊन जा, पाळणे पुढच्या वर्षी.”

नम्रताबाई विमलबाईंकडे वळल्या. “मावशी, काय झालं?”

विमलबाईंनी पदर सारखा केला. “मी चोर नाय, ताई. पन मला इचारू नका.”

चोरी न केलेला माणूस ‘विचारा’ म्हणतो. केलेला ‘मला काय माहीत’ म्हणतो. ‘विचारू नका’ म्हणणारं माणूस या दोघांच्या मधलं असतं, आणि ते सगळ्यात जास्त तापदायक असतं.

२

पाळणाघराची एक भिंत पूर्ण काचेची होती. पलीकडे पॅकिंग विभाग. तिथे बायका दिवसभर झाकणं निवडून खोक्यांत भरत. काच ही शेठच्या डोक्यातून निघालेली. मोठ्या कंपन्यांची माणसं कारखाना बघायला येत, त्यांना जाता-येता पाळणाघर दिसलं पाहिजे.

“नुसतं दिसून उपयोग नाही,” शेठ सांगत होते. “मूव्हमेंट दिसली पाहिजे. म्हणून हा पंखा.”

भिंतीवरचा पंखा बरोबर त्या चार डागांवर रोखलेला होता. सकाळी पाळी सुरू झाली की पंखा सुरू, पंखा सुरू झाला की पाळणा सुरू. संध्याकाळपर्यंत.

“आणि मुलं?”

“मुलं बघू ना पुढे. सुरुवातीलाच गर्दी कशाला?”

नम्रताबाई खोलीभर फिरल्या. फळीवर टॅब्लेट होता, गाणी लावायचा स्पीकर होता, दोन्ही कोरे करकरीत. चोराने त्यांना बोट लावलं नव्हतं. पाळण्याचा स्टँड लोखंडी पाइपांचा, नटबोल्टांनी जोडलेला. तो खोलून नेला होता. फरशीवर ना ओरखडा, ना विसरलेला एखादा नट.

“शेठ, हा चोर नटासकट, वायसरसकट घेऊन गेलाय.”

“कंजूष असेल.”

“नाही. भंगारात विकणारा पाइप उपटतो. हा पाळणा कुठेतरी परत उभा करायचाय.”

कोपऱ्यातल्या गादीवर एक मोठी बाहुली होती. पांढऱ्या टॉवेलात गळ्यापर्यंत गुंडाळलेली, टोकं आत खोचलेली, जशी तान्ह्या मुलाला गुंडाळतात तशी. नम्रताबाईंनी ती उचलली.

“मम्मी!” बाहुली ओरडली.

शेठ दारापर्यंत मागे गेले.

“माझ्या मुलीची आहे,” सोनाली घाईघाईने म्हणाली. “इन्स्पेक्शनसाठी आणली होती. पण मी अशी गुंडाळली नव्हती.”

मग खुर्ची. आयासाठी ठेवलेली प्लास्टिकची साधी खुर्ची, काचेकडे पाठ करून. तिच्या चारी पायांभोवती काळे बारीक दाणे पसरले होते.

“उंदीर,” सोनाली नाक मुरडत म्हणाली. “मी पेस्ट कंट्रोलला मेल टाकलाय.”

नम्रताबाईंनी एक दाणा उचलून दाताखाली धरला. सोनालीचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“मोहरी आहे. आणि हे पांढरं, ते मीठ.” त्या खाली वाकूनच म्हणाल्या, “सोनाली, काल संध्याकाळी या खुर्चीत कोण बसलं होतं?”

“कोणीच नाही. साडेपाचला खोली बंद होते.”

“बंद झालेल्या खोलीत बसलं होतं,” नम्रताबाई म्हणाल्या. “रडत असणार.”

काचेपलीकडे एका बाईच्या हातून झाकणांचं खोकं सुटलं. हजारो निळी झाकणं फरशीभर घरंगळली, आणि तिथल्या सगळ्या बायका ती गोळा करायला इतक्या तत्परतेने वाकल्या, की एकीचाही चेहरा दिसेना.

३

सोनाली राहायला शेलूला, नव्या टॉवरमध्ये. हुशार मुलगी. नोकरी टिकवायची तर शेठचं ऐकावं आणि कायदा टिकवायचा तर ऐकू नये, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तेव्हापासून ती दोन्ही अर्धं-अर्धं करत होती.

“मॅडम, मी फक्त व्हिडिओ केला,” ती केबिनमध्ये म्हणाली. “शेठ म्हणाले, साहेबांना दाखवायला काहीतरी हवं. म्हणून बाहुली पाळण्यात ठेवली. पॅकिंगमधल्या संजनाला बोलावलं. ती कॅमेऱ्यात आईसारखी दिसते. म्हटलं, पाळणा हलव आणि अंगाईसारखं काहीतरी म्हण.”

“म्हटलं तिने?”

“तोंड उघडलं. आवाजच नाही आला. मग बाहेर पळाली, बेसिनवर गेली. कॅमेऱ्याची भीती, दुसरं काय? मग मीच म्हटलं. ते पण ठीक नाही आलं.”

“हे कधीचं?”

“कालचंच. दुपारचं.”

“विमलबाई काही बोलल्या होत्या पाळण्याबद्दल?”

सोनालीने खुर्ची मागे-पुढे केली. “तीनदा. रिकामा पाळणा हलवू नये म्हणे. मी सांगितलं, मावशी, पॉलिसीमध्ये असं काही नाही.”

त्यानंतर किशोर आला. पूर्वी पॅकिंगच्या सगळ्या बायका त्याच्या कंत्राटावर होत्या. मूळ कामाला कंत्राटी माणसं लावणं नव्या कायद्यात अडचणीचं झालं, तेव्हा शेठने बायकांना एकेका वर्षाच्या मुदतीची नेमणूकपत्रं देऊन थेट कंपनीत घेतलं, आणि किशोरला सुपरवायझर केलं. संस्थान खालसा झालेल्या राजाला मामलेदार केल्यावर तो जसा हिंडेल, तसा तो पॅकिंगमध्ये हिंडत असे.

“माझ्यावर डाउट घ्या, मॅडम, मला राग नाही,” तो पाय पसरून बसत म्हणाला. “इन्स्पेक्शन फेल झालं तर पेढे मी वाटीन. पण पाळणा मी नेऊन काय करू? मला पोरं दोन, दोन्ही टेंपो चालवतात.”

“पॅकिंगचं काम कसं चाललंय?”

“बोंबलत. तो पाळणा आला आणि बायकांनी स्टुलं फिरवली. काचेकडे पाठ. विचारलं तर म्हणे, उजेड हवा. अहो, उजेड काचेकडूनच येतो!”

“सगळ्यांनीच फिरवली?”

“आधी त्या संजनाने. मग तिच्या बाजूच्या दोघींनी. मग सगळ्यांनी. मेंढरं.” तो पुढे झुकला. “आता फिरवू देत. महिनाअखेर मुदत संपतेय सगळ्यांची. शेठनी मला सांगून ठेवलंय, वांधेवाली नको. लग्न ठरलेली, पोटुशी, अशी नावं आधीच बाजूला काढ. काढायचं नाही कुणाला. फक्त पुढं घ्यायचं नाही. त्याला कायदा काय करणार, सांगा?”

नम्रताबाईंनी त्यावर काही सांगितलं नाही. फीचा विचार करून नव्हे. उत्तर फारसं चांगलं नव्हतं म्हणून.

राहिला गेटवरचा पदू. त्याला वॉचमन म्हटलेलं आवडत नसे, सिक्युरिटी म्हणावं लागे.

“मॅडम, ह्या गेटातनं झाकन बाहेर जात नाय, पालना कसा जाईल?” तो म्हणाला. “बायांच्या पिशव्या बगतो. टेंपो बगतो. किशोरशेटच्या गाडीच्या सीटखाली पन बगतो. त्यांच्या तर जास्तच.”

“काल संध्याकाळी काय काय बाहेर गेलं?”

“कामावरनं सुटलेल्या बाया. दोन टेंपो, दोनी वर चढून बगितले. आन शेट गेले कर्जतला, लोकल धरायला. मुलुंडला राहतात ना.”

“शेठच्या गाडीची डिकी बघितली?”

पदूने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी देवळातल्या मूर्तीची झडती घ्यायला सांगितलं.

“ताई, शेटची डिकी उगडली तर माजी नोकरीच तिच्यात घालून नेतील.”

गेटच्या आत, चिंचेच्या सावलीत, शेठची पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हर फडक्याने काच पुसत होता. एकच काच, परत परत.

“हा कोण?”

“नवनाथ. कोंडान्याचा,” पदू म्हणाला. “शेटला स्टेशनवर सोडतो आन गाडी घरी नेतो. सकाली परत आनतो. भला पोरगा हाय. ती पॅकिंगमदली संजना, तिचा नवरा.”

४

जेवणाच्या सुट्टीत नम्रताबाईंनी तिघांना कॅन्टीनच्या मागे बोलावलं. तिथे पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या मोटारचा आवाज होता, त्यामुळे कोणी ऐकण्याची भीती नव्हती. संजना पंचविशीची, सडसडीत. तिने डबा उघडला नव्हता. नवनाथ उभा होता, विमलबाई उकिडव्या बसल्या.

“मी शेठची सल्लागार आहे, तुमची नाही,” नम्रताबाईंनी सुरुवात केली. “ते लक्षात ठेवूनच ऐका. जागेची दृष्ट काढायची तर उंबऱ्यात काढतात. मोहऱ्या खुर्चीभोवती होत्या, म्हणजे दृष्ट माणसाची काढली. खोली तर बंद झालेली. म्हणजे ज्यांच्याकडे चावी, त्यांनी उघडून त्या माणसाला आत बसवलं. बाहुली अशी गुंडाळलेली की सोनालीला ते जमणार नाही. ती कोणीतरी पाळण्यातून काढून नीट निजवली. मावशी, हे सगळं तुमचं काम.”

विमलबाई जमिनीकडे बघत होत्या.

“पण साठीची बाई लोखंडी स्टँड खोलून नेऊ शकत नाही. त्याला पाना लागतो, तो गाडीत असतो. गेटवर सगळ्यांच्या पिशव्या बघतात, एकच डिकी बघत नाहीत. शेठ काल चोरीच्या मालाला टेकून कर्जतपर्यंत गेले. बरोबर ना रे?”

“एसी वाडव म्हनत व्हते,” नवनाथ खाली मान घालून म्हणाला. “आन मागं कायतरी खडखड वाजतंय म्हनाले. मी बोललो, रस्ता खराब हाय.”

“तो आहेच. आता राहिलं, का? पाळणा आला आणि सगळ्यांत आधी स्टूल कोणी फिरवलं, बाहुलीपुढे अंगाई म्हणताना कोण पळालं, आणि ड्रायव्हर कोणासाठी नोकरी पणाला लावेल.” त्या संजनाकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला. “कितवा महिना?”

मोटारच्या आवाजात उत्तर ऐकू आलं नाही. ओठ दिसले. “चवथा.”

“ताई, तुमी कोनाला बोलू नका,” विमलबाई एकदम उठल्या. “मी नेला म्हनून सांगा. पोलिसात देऊ द्या. माजं काय जातं? म्हातारी बाय. हिचं नाव किशोऱ्याच्या कानावर गेलं तर महिन्याअखेर गेलीच ही.”

“मावशी, गप ना गं,” संजना म्हणाली. मग नम्रताबाईंकडे बघून म्हणाली, “ताई, मला ठाऊक हाय. पालना हलला म्हनून काय होत नाय. बारावी झालीय माजी. मागल्या टायमाला पाचव्यात गेलं, तवा कुठं कोनी पालना हलवत व्हतं? तरी गेलंच ना? पन दिवसभर समोर हलतो. रिकामा. डोकं बोलतं काय होत नाय, आन हात आयकत नाय. मी पाठ केली, तर एवड्या जाड काचेतनं पन त्याची करकर आयकू आल्यावानी वाटते. काल त्या बाहुलीला जोजव म्हनाल्या…”

पुढचं नवनाथने सांगितलं.

“संध्याकाली मावशीनं फोन केला. ही खुर्चीत बसून रडत व्हती. शेट वरती फोनवर. मी बोललो, ह्यो पालना आजच्या आज जायाला पायजे.”

“घरी नेलास?”

“घरी? रिकामा पालना?” नवनाथला पहिल्यांदा नम्रताबाईंच्या शिक्षणाबद्दल शंका आलेली दिसली. “शेजारी दिला. आमच्या सोनुबाईच्या नातवाचं परवा बारसं झालं. पोरगं झोलीत निजायचं. आता पालन्यात निजतं.”

नम्रताबाईंनी हसू दाबलं. म्हणजे त्या पाळण्यात एकदाचं मूल निजलं होतं. कायद्याचा हेतू पूर्ण झाला होता. फक्त आस्थापना चुकली होती.

“ऐक, संजना,” त्या म्हणाल्या. “दिवस गेलेत म्हणून तुला कामावरून काढता येत नाही. हे पक्कं आहे. पण मुदत संपली आणि पुढे घेतलंच नाही, तर ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायला शेठ मोकळे. ही पळवाट खरी आहे, मी खोटं सांगणार नाही. शेठच्या केबिनमध्ये सांगशील, तर ते केबिनमध्येच राहील. उद्या साहेबांच्या समोर सांगितलंस, तर मात्र ‘माहीत नव्हतं’ संपलं.”

“मंग घेतीलच पुढं?”

“लिहून देऊ शकत नाही. अवघड होईल त्यांना, एवढंच.”

“आन नाय बोलली तर?”

नम्रताबाईंनी विमलबाईंकडे पाहिलं. विमलबाईंनी नजर फिरवली.

“तर मी उद्या एवढंच सांगेन, की पाळणा कुठल्या गाडीतून गेला. का गेला, ते मी सांगणार नाही. ते माझं नाही. त्यात नवनाथ जाईल आणि मावशीही जातील.”

“म्हंजे मी बोलली तर माजी जाईल, नाय बोलली तर ह्या दोगांची,” संजना म्हणाली. “बरा हाय की कायदा.”

घंटा वाजली. न उघडलेला डबा काखेत मारून ती आत गेली. आपण काय करणार, हे तिने कोणालाच सांगितलं नाही.

५

बुधवारी सकाळपासून कारखान्यात कोणाला एका जागी बसवेना. शेठ गेटपर्यंत जात आणि परत येत. सोनाली दर दहा मिनिटांनी पाळणाघरातल्या गाद्या सरळ करी. पॅकिंगमध्ये स्टुलं अजून काचेकडे पाठ करूनच होती, पण माना सारख्या मागे वळत होत्या. किशोरने चहा तीनदा मागवला.

“चोर सापडला का?” शेठनी नम्रताबाईंना विचारलं.

“सापडला. साहेब आल्यावर सांगते.”

“आत्ता का नाही?”

“आत्ता सांगितलं तर साहेबांसमोर तुम्हाला राग आवरणार नाही.”

साहेब आले. मृदू बोलणारे, सर्दी झालेले गृहस्थ. खिशात दोन रुमाल. ते सगळं पाहत पाळणाघरापाशी आले आणि रिकाम्या फरशीसमोर थांबले.

“सर, इथे पाळणा होता,” शेठ पुढे सरसावले. “एक नंबर पाळणा. परवा चोरीला गेला. चोर पकडलाय.” त्यांनी विमलबाईंकडे बोट केलं. “आजच कम्प्लेंट देतोय.”

विमलबाई हात जोडून उभ्या राहिल्या. त्या ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. काचेपलीकडे हात थांबले होते.

“शेठ, कम्प्लेंट देताना गाडीचा नंबर द्यावा लागेल,” नम्रताबाई शांतपणे म्हणाल्या.

“कुठल्या गाडीचा?”

“तुमच्या. पाळणा तुमच्या डिकीतून गेला. तुम्ही मागच्या सीटवर होतात. खडखड तुम्हीच ऐकलीत.”

शेठ गर्रकन वळले. त्यांची नजर नवनाथकडे गेली. नवनाथ दारात आला होता.

“मी नेला, शेट,” तो म्हणाला. “मावशीनं नाय.”

“तू? माझ्या गाडीतून? माझ्याच…” शेठना स्वतःच्या चोरीची नेमकी कोणती बाजू जास्त वाईट आहे हे ठरवता येईना. “का?”

साहेबांनी दुसरा रुमाल काढून नाक पुसलं. “ते तुम्ही नंतर बघा. पाळणा नसला तर नसू दे. पाळणाघर म्हणजे मुलांची सोय. मला सांगा, मुलं कुठे आहेत?”

हा प्रश्न कोणाच्याच तयारीत नव्हता. रंग झाला होता, हत्ती झाला होता, व्हिडिओ झाला होता. सोनालीने गडबडीत बाहुली पाठीमागे लपवली. “मम्मी,” बाहुली म्हणाली.

“एकही नाही?” साहेब म्हणाले.

“सर, आमच्याकडे सध्या तशी कोणी…” किशोर मधे पडला. “म्हणजे लेडीज स्टाफमध्ये तसा कोणाचाच काही प्रॉब्लेम नाही.”

“हाय ना.”

संजना पॅकिंगच्या दारातून आत आली होती. निळा एप्रन, हातांत कामाचे मोजे. मोजे काढायचं तिला सुचलं नव्हतं. ती साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली आणि शेठकडे न बघता बोलली.

“माजं येनार हाय. भाताची लावनी आटपली की.”

विमलबाईंनी डोळे मिटून घेतले.

“पालना माज्यासाठी नेला. रिकामा हलायचा दिवसभर, मला बगवत नव्हता. मावशीनं चोरी नाय केली, ह्यांनी पन नाय. आत्ता त्याच्यात शेजारचं पोर निजतं. माजं आलं की परत आनू.” ती एक पाऊल पुढे आली. “आन साहेब, ह्या महिन्याअखेर माजी मुदत संपते. मला पुढं घेनार का नाय, ते मला आज आयकायचं हाय. तुमच्या देखत.”

साहेबांनी पेन काढलं. तिचं नाव विचारलं, लिहून घेतलं. मग अत्यंत मृदू आवाजात, फॅसिलिटेटर म्हणून की इन्स्पेक्टर म्हणून हे त्यांनाही सांगता आलं नसतं, त्यांनी शेठना विचारलं, “यांचं काम पुढे चालू आहे ना?”

शेठनी किशोरकडे पाहिलं. किशोर हत्तीकडे बघत होता. त्यांनी सोनालीकडे पाहिलं, नम्रताबाईंकडे पाहिलं. दोघींपैकी कोणीच उत्तर पुढे केलं नाही. समोर संजना मोज्यांतले हात पोटाशी धरून उभी होती आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत होती.

“चालू आहे,” हर्षदशेठ म्हणाले. मग घसा खाकरून, “ड्रायव्हरचं पण. मावशींचं पण.”

संजना काचेकडे वळली. पलीकडे सगळ्या बायका उठून उभ्या होत्या.

“आयकलं ना गं सगल्यांनी?” तिने मोठ्याने विचारलं.

काच जाड होती. तिच्यातून एक अक्षर पलीकडे जात नसे. पण पलीकडे एकेक करून सगळ्यांच्या माना हलल्या.